साडेचार वर्षांचा हात आणि ठिपक्यांचा 'अ'

चिंचोके | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

चिरंजीव साडेचार वर्षांचे, ज्युनिअर केजीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण यंदा मराठीही सुरू झालंय. रोज घरी एक पान येतं. त्यावर ठिपक्याठिपक्यांचे 'अ' छापलेले असतात, सहा ओळी, ओळीत पाच. ठिपके जोडत जायचं. पहिली ओळ बरी जाते. दुसरीत पेन्सिलीचं टोक मोडतं, तिसरीत कागद फाटतो, चौथीत मी ओरडते. परवा पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "आई, माझा हात झोपलाय. उद्या उठवू." डायरीत लाल शाईत शेरा आला, 'रायटिंग वीक, प्रॅक्टिस ॲट होम'.

आता गंमत बघा. रविवारी याच कार्ट्याने खडू घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये आगगाडी काढली. पंपाच्या खोलीपासून गेटपर्यंत, चौदा डबे, प्रत्येकाला दोन चाकं. चाकं चक्क गोल आणि दोन्ही टोकं जुळलेली! वॉचमनकाकांनी दोन दिवस तिथे पाणी मारलं नाही. मग अठ्ठावीस गोल काढणारा हात एका 'अ'ला झोपतो कसा?

मैत्रीण म्हणते, अक्षरं बंद कर आणि सहा महिने नुसती चित्रं काढू दे. सासूबाई म्हणतात, पाटी आण आणि गिरवून घे. नवरा म्हणतो, मोठा झाल्यावर कोण हाताने लिहिणार आहे. तुमच्यापैकी कुणी चित्रांतून, रेघोट्यांतून मुलांचा हात तयार करून घेतलाय का? नक्की काय करायचं असतं?

टवाळ_बोका | सोमवार, रात्री ९:५२

नवऱ्याशी सहमत. आमची कन्या दुसरीत आहे, मोबाईलला तोंडाने सांगते आणि तो लिहितो. शुद्धलेखन दोघांचंही सारखंच. बाकी चालू द्या.

नीरक्षीर | सोमवार, रात्री ११:१५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबर काम करते. 'लिहीत नाही हो' म्हणून येणाऱ्या पालकांची रांग जूनपासून दिवाळीपर्यंत असते, त्यामुळे जरा लांबण लावते.

तुमच्या मुलाचा हात झोपलेला नाही. त्याला दिलेलं काम त्याच्या पुढचं आहे. मुलं बघून आकार काढायला शिकतात त्याला साधारण एक क्रम असतो. उभी रेघ दोनच्या आसपास, आडवी अडीचला, गोल तीनला, अधिकचं चिन्ह साडेतीन-चारला, चौकोन साडेचारच्या आगेमागे, त्रिकोण पाचला. शंकरपाळ्याचा आकार सहा-सात वर्षांपर्यंतही चुकतो. सहा महिने इकडेतिकडे सगळ्यांचंच होतं, लगेच कॅलेंडर काढून बसू नका. पण बघा, तिरकी रेघ किती उशिरा येते! उभ्या-आडव्या रेघेला कागदाची कड सोबत असते, तिरकीला कुणाची सोबत नाही.

आता 'अ' उलगडून बघा. आधी वर एक अर्धगोल, त्याला चिकटून खाली दुसरा, मधून निघालेली आडवी रेघ, ती नेमकी जिथे थांबते तिथे उभा काना, आणि डोक्यावर शिरोरेषा. दोन अर्धगोल जिथे भेटतात तिथे हात न उचलता दिशा बदलायची. हा मराठीतल्या अवघड आकारांपैकी एक आहे आणि आपण तो पहिला देतो, का, तर वर्णमालेत तो पहिला आहे. आगगाडीत तर गोल आणि चौकोनच होते ना? म्हणजे ते त्याच्याकडे आहेतच.

दुसरं म्हणजे आगगाडी त्याने खांद्यापासून हात फिरवून काढली. ठिपक्यांचा 'अ' सुपारीएवढ्या जागेत बोटांनी काढायचाय. हाताचा ताबा खांद्याकडून बोटांकडे उतरत येतो. वरचं मोकळं झालं नसताना खालचं मागितलं की मूल पेन्सिल गळा आवळल्यासारखी धरतं. टोक मोडणं, कागद फाटणं हे त्याचंच लक्षण.

ठिपक्यांचं पान महिनाभर बाजूला ठेवता येतंय का बघा. त्याऐवजी भिंतीला मोठा कागद चिकटवा, जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू चालेल. उभ्या कागदावर काढताना मनगट आपोआप मागे वळतं आणि अंगठा समोर येतो, लिहायला लागते तीच ठेवण. तेलखडू मोडून पेराएवढे करा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. शंभरदा 'नीट धर' सांगण्यापेक्षा तुकडा बरा.

वडाची_साल | मंगळवार, सकाळी ७:३०

वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

हळदीचं_पान | मंगळवार, सकाळी ११:०५

हे 'चिमटीत' वाचून हसू आलं. आमच्याकडे हे सगळं आजीने केलं आणि तिला ते प्री-रायटिंग (लिहिण्याआधीची तयारी) आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही.

लेक चार वर्षांची होती. सकाळी आजी दारात रांगोळी काढायला बसली की ही शेजारी उकिडवी. आजीने तिला फक्त ठिपके द्यायला लावले, चार बाय चार. रांगोळी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीतच धरावी लागते, दुसरा मार्ग नाही. थोडी सोडायची आणि लगेच थांबायचं. सुरुवातीला प्रत्येक ठिपक्याला चमचाभर रांगोळी पडायची, दारात मिठागर झाल्यासारखं दिसायचं. महिन्याभरात तूरडाळीच्या दाण्याएवढे ठिपके यायला लागले. मग दोन ठिपके जोडणं, मग वळसा. चैत्रात आजी चैत्रांगण काढते, त्यातली गोपद्मं हिने काढली. एक पाऊल वाकडं आलं तर आजी म्हणाली, "असू दे, गाय लंगडत आलीय."

शिवाय लसूण सोलणं, मटार, भिजवलेल्या वालांची सालं काढणं, गव्हले वळणं. गव्हले करताना बोटांची टोकं कशी चालतात ते एकदा बघाच.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १:२०

जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. दोन गोष्टी बोलतो.

एक, 'अ'पासून सुरुवात करू नका हे बाईंनी सांगितलं ते योग्य. आम्हीही ग, म, भ, न पासूनच करायचो. त्यात गाठ आणि काना पुन्हा पुन्हा येतो, हात एका वळणात बसतो. मग व, ब, क. 'व' आला की पोटात तिरकी रेघ दिली की 'ब' झाला, बाहेर शेपूट दिलं की 'क'. तसंच प, ष, फ आणि ट, ठ, ढ. र आला की 'स' आणि 'ख' अर्धे आलेच. मुलाला वाटतं आपण एक शिकलो आणि दोन फुकट मिळाले.

दोन, गिरवण्याला नावं ठेवायची फॅशन आलीय. आमच्या अख्ख्या पिढ्या गिरवून शिकल्या. माझे वडील धूळपाटीवर बोटाने गिरवत. आमची अक्षरं आजच्या मुलांपेक्षा वाईट आहेत का? चित्रं काढा, रांगोळ्या काढा, पण शेवटी गिरवल्याशिवाय अक्षर वळणदार होत नाही.

अवांतर: बाजारातल्या बऱ्याच अभ्यासपुस्तिकांत हिंदी वळणाचे ल आणि श छापलेले असतात. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श दिलेला आहे. विकत घेण्यापूर्वी तेवढं पान उघडून बघावं.

नीरक्षीर | मंगळवार, रात्री १०:४५

मास्तर, गिरवण्याला नाव ठेवलेलं नाही. ठिपक्यांना ठेवलंय. दोन्ही एकच वाटतात, पण मुलाच्या शेजारी बसून बघितलं की फरक कळतो.

तुम्ही पाटीभर मोठा 'ग' काढून द्यायचात. मूल त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जायचं. सुरुवात कुठे, वळायचं कुठे हे तुम्ही हात धरून दाखवलेलं असायचं. ठिपक्यांच्या पानात मूल एका ठिपक्यापासून पुढच्यापर्यंत जातं, थांबतं, पुढचा शोधतं. डोळा ठिपक्यावर, अक्षरावर नाहीच. मी मुलांना 'अ' काना आधी काढून मग उजवीकडून डावीकडे जोडत जाताना पाहिलंय. पान पूर्ण, बाईंचा तारा मिळालेला, आणि कोरा कागद दिला तर काहीच नाही!

यावर २०१२ सालचा अमेरिकेतला एक अभ्यास आहे. वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना काही अक्षरं कोऱ्या कागदावर हाताने काढायला लावली, काही ठिपक्यांवरून गिरवायला, काही कीबोर्डवर दाबायला. नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅन केलं. वाचनाशी संबंधित भाग उजळले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी, ठिपक्यांच्या आणि कीबोर्डच्या वेळी तसे नाहीत. मुलं थोडी होती, त्यामुळे फार ताणायचं नाही. पण रोज समोर जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. स्वतः काढलेलं अक्षर वेडंवाकडं येतं, दर वेळी वेगळं येतं, आणि तरी तो 'ग'च असतो, हे मुलाला तिथेच उमगत असावं.

गिरवून झाल्यावर तुम्ही पुढे काय करायचात ते नाही सांगितलंत.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६:५०

पाटी पुसायला लावायचो. ओल्या फडक्याने. आणि आता न बघता काढ म्हणायचो.

बरं, पटलं. ते पुसणंच महत्त्वाचं होतं म्हणा की.

टवाळ_बोका | बुधवार, सकाळी ९:१०

मास्तरांना 'पटलं' म्हणताना या संस्थळावर प्रथमच पाहिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सागवान | बुधवार, दुपारी ३:३५

माझी आई डहाणू तालुक्यात बालवाडी चालवायची, कोसबाडला प्रशिक्षण घेतलेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात न्यायची, यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. सरकारी योजनेने तो नंतर, १९७५ मध्ये उचलला.

मोंटेसरीच्या पद्धतीत लिहिण्याआधी धातूच्या चौकटी असतात, दहा आकारांच्या. चौकटीच्या आतून कड फिरवायची आणि मग तो आकार जवळजवळच्या रेघांनी भरून काढायचा. खरी मेहनत त्या भरण्यात असते. पेन्सिल कडेपाशी थांबली पाहिजे, दाब सारखा राहिला पाहिजे, आणि मुलाला वाटतं आपण रंगवतोय. पण ते सामान पाड्यावर कुठून आणणार? म्हणून शिंपले, चिंचोके (धागाकर्तीला नमस्कार), बिया, खडे. आई ओल्या जमिनीवर काडीने गोल काढायची आणि मुलं त्यावर बिया मांडायची. मग बिया उचलायच्या आणि उरलेल्या खुणेवरून बोट फिरवायचं. मग पायाने पुसून शेजारी स्वतःचा काढायचा.

आईचं एक निरीक्षण सांगते. शहरात त्रिकोण अवघड जातो म्हणतात, पण तिच्याकडच्या मुलांना त्रिकोणाचं काहीच वाटायचं नाही. घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिलेला रोज डोळ्यांसमोर. वारली चित्रात माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यावर गोल डोकं. बायका तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून ते लिहितात, आणि तिकडे चित्र 'काढलं' नाही, 'लिहिलं' असंच म्हणतात. आईला तो शब्द फार आवडायचा.

हळदीचं_पान | बुधवार, दुपारी ४:००

'लिहिलं'! अंगावर काटा आला.

राईनकाठ | बुधवार, रात्री ११:५५ (आमच्याकडे साडेआठ)

जर्मनीतून. इथे किंडरगार्टनमध्ये अक्षरं शिकवत नाहीत, शाळा सहाव्या वर्षी. त्याआधी 'श्वुंगयुबुंगन' नावाचा प्रकार असतो. श्वुंग म्हणजे झोका किंवा लय. लाटा, वळसे, आडवा आठ (इंग्रजी, ∞ असा), गोगलगायीची गुंडाळी, सगळं मोठ्या कागदावर, कधी दोन्ही हातांनी एकदम, तोंडाने गाणं म्हणत. स्टायनर पद्धतीच्या शाळांमध्ये (पहिली १९१९ मध्ये श्टुटगार्टला निघाली) पहिलीचा पहिला धडाच एक सरळ रेघ आणि एक वाकडी रेघ असतो. मुलगी तिथे जाते. आठवडाभर घरी फक्त रेघा आल्या. मी पुण्याचा, मला वाटलं फी फुकट गेली.

आडव्या आठाबद्दल थोडं. रेघ शरीराच्या मधल्या अक्षाला ओलांडून डावीकडून उजवीकडे न अडखळता जाते का, हे त्यात दिसतं. मुलगी मध्यावर आली की खडू या हातातून त्या हातात घ्यायची, तेव्हा बाईंनी लक्षात आणून दिलं.

माझी अडचण मात्र वेगळी आहे. रविवारी तिला मराठी शिकवतो. ती 'क' असा लिहिते की तो ओळीवर बसलेला असतो आणि शिरोरेषा टोपीसारखी वर तरंगते. शाळेतल्या सगळ्या लाटा खालच्या रेघेवर बसलेल्या असतात, त्याचा परिणाम असेल का?

बोरू | गुरुवार, दुपारी १२:४०

राईनकाठ, शंभर टक्के तेच. रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं, देवनागरी दोरीवर वाळत घातलेली असते.

मी वीस वर्षं बोर्ड रंगवले, दुकानांचे, ट्रकच्या मागचे, ग्रामपंचायतीचे. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. बोर्डावर आम्ही आधी खडूने माखलेली दोरी ताणायचो, मध्ये चिमटीत ओढून टणकन सोडायची, की सरळ रेघ उमटते. ती शिरोरेषा. अक्षरं तिच्या खाली लटकवायची. शाळेत शिरोरेषा शेवटी देतात, तेही बरोबर आहे, हाताने भराभर लिहिताना तसंच सोयीचं. पण लटकण्याची जाणीव हवी.

पुतण्याला मी असंच शिकवलं. भिंतीवरच्या कागदावर वरच्या बाजूला एक आडवी रेघ, ती दोरी. तिला आकार लटकवायचे. एक उभी काठी, झाला काना. काठीला खाली डावीकडून वळवून पुढे हुक दिला, झाला मासे पकडायचा गळ, म्हणजे 'ट'. हुक पूर्ण मिटवला की 'ठ', दारावरची कडी. आधी अक्षराचं नाव सांगितलंच नाही. दोरीवर गळ टांग, कडी टांग. आठवड्याने म्हटलं, अरे हे तू 'ट' आणि 'ठ' लिहिलेस. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या खिशातून दहाची नोट काढली.

अजून एक. इंग्रजी सरावपुस्तिकांमध्ये गोल जवळपास एकाच दिशेचे असतात, सी-ओ-ए-डी वगैरे, घड्याळाच्या उलट. मराठीला दोन्ही लागतात. ट, ढ, व उलट दिशेने. पण उ, अ, ३ घड्याळाच्या दिशेने पोट काढतात. नुसती 'सी'ची वळणं घोटलेल्या मुलाला 'उ' उलटा वाटतो. म्हणून रेघोट्या करून घेताना दोन्हीकडून घ्या. पर्वताची रांग, मग तीच उलटी करून लाटा. डावीकडे तोंड केलेली चंद्रकोर, उजवीकडे तोंड केलेली चंद्रकोर.

चिंचोके | गुरुवार, दुपारी २:१५

बोरूदादा, तुम्हाला दंडवत! शाळेत 'स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन' घोकून घेतात, पण कुठली वही बघितली तरी मराठीची दोरी कुठेच नाही.

तिरपा_कागद | गुरुवार, रात्री ९:०५

डावखुऱ्यांचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मी डावरा. पहिलीत माझा डावा हात रुमालाने बाकाला बांधला होता. त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली, अजून कुणी फॉर्म भरायला दिला की घाम फुटतो. माझा मुलगाही डावरा, त्याच्या बाबतीत ठरवलं होतं की हे होऊ द्यायचं नाही.

आम्हाला रेघ ओढता येत नाही, ढकलावी लागते. डावीकडून उजवीकडे जाताना आधी लिहिलेलं आमच्याच तळव्याखाली जातं. शिरोरेषा म्हणजे तर शिक्षा, सगळं ओलं अक्षर पुसत जायचं. मुलाला कागद उजवीकडे तिरपा, म्हणजे डावी वरची कड वर, असा ठेवायला शिकवला. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची म्हणजे बोटांच्या पलीकडचं दिसतं. आणि भिंतीवर, फळ्यावर चित्रं भरपूर, कारण उभ्या कागदावर हात अक्षराच्या खाली राहतो, आड येत नाही. आडव्या रेघा तो उजवीकडून डावीकडे ओढायचा. चित्रात आम्ही तसंच चालू दिलं. शिरोरेषाही तो तशीच देतो. बाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, रेघ सरळ आली ना? मग झालं.

पुराव्याने_शाबित | शुक्रवार, सकाळी १०:३०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडा मिठाचा खडा. रांगोळी, गव्हले, वाल, आडवा आठ, यातून हस्ताक्षर सुधारतं याला आधार काय? हस्ताक्षरासाठीच्या उपायांचा २०११ मध्ये एक पद्धतशीर आढावा निघाला होता. ज्या कार्यक्रमांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता, नुसते बोटांचे व्यायाम वगैरे होते, त्यांनी हस्ताक्षर सुधारलं नाही. वीसपेक्षा कमी सत्रं झाली तरी उपयोग नाही. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावंच लागतं. 'सहा महिने नुसती चित्रं' या सल्ल्याला माझा सरळ विरोध.

तसंच ते व्हॉट्सॲपवर फिरणारं एक्स-रेचं चित्र. 'लहान मुलाच्या मनगटात हाडंच नसतात, म्हणून लिहायला लावू नका.' नीरक्षीर यांनी तरी यावर बोलावं.

नीरक्षीर | शुक्रवार, रात्री १०:२०

एक्स-रेचं आधी. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात म्हणून एक्स-रेत दिसत नाहीत, मग एकेक करून पक्की होत जातात. शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. त्या हिशेबाने पाचवी-सहावीपर्यंत लिहूच नये! हाडं हे कारणच नाही. स्नायूंची ताकद, डोळा-हाताचा मेळ, बसण्याची स्थिरता आणि आकार डोक्यात तयार असणं, यावर सगळं अवलंबून असतं. फॉरवर्ड चुकीच्या कारणाने बऱ्यापैकी बरोबर सल्ला देतो, एवढंच.

२०११ च्या आढाव्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण तो बहुतेक करून लिहायला लागलेल्या आणि तिथे अडकलेल्या मुलांबद्दल आहे. सात वर्षांच्या मुलाचं अक्षर वाईट म्हणून त्याला महिनाभर चिकणमाती मळायला लावणारे लोक आहेत, पालकांचे पैसे जातात आणि अक्षर तिथेच राहतं. त्या मुलाला लिहायलाच बसवायला हवं, थोडं पण रोज. साडेचारचं मूल अजून पाण्याच्या काठावर आहे, त्याला पायऱ्या उतरवतोय आपण. तरी मैत्रिणीच्या 'सहा महिने अक्षरं बंद' ला माझाही पाठिंबा नाही. चित्र आणि अक्षर यांच्यात भिंत घालायची गरज नाही. बोरूंचा गळ बघा, तो चित्र आहे की अक्षर?

म्हणून मी नुसत्या नक्ष्यांची पानंही फार देत नाही. पानभर लाटा काढ म्हटलं की ते पुन्हा ठिपक्यांच्याच जातीचं होतं. समुद्र काढ, त्यात होडी, पाऊस पडतोय, म्हटलं की उभ्या रेघा दोनशे येतात आणि मूल मोजत नाही.

पुराव्याने_शाबित | शुक्रवार, रात्री १०:४१

ठीक. पायऱ्या मान्य, पण पाण्यापर्यंत जाणाऱ्या असाव्यात.

चिंचोके | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६:२०

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं होतं.

शाळेत जाऊन बोलले. भांडायच्या तयारीने गेले होते, पण वर्गातल्या बाई वेगळ्याच निघाल्या. म्हणाल्या, पानं वरून ठरून येतात, मी काय करू. पण एका ओळीवर तह झाला. पानातली एकच ओळ करायची, आणि पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याला हवं ते.

दिवाणखान्याच्या भिंतीवर चार कॅलेंडरं उलटी लावली. वर स्केचपेनने दोरी मारली. पहिले तीन दिवस दोरीवर फक्त बाबांची चड्डी वाळत होती, अनेक रंगांत. मग गळ आले. आता फ्रीजवर, दारावर, आणि माझ्या ऑफिसच्या एका फाइलवरही गळ आहेत. प्रत्येक गळाला मासा लागलेला. मासा काढायला तिरक्या रेघा लागतात त्यामुळे तो अजून बटाट्यासारखा दिसतो. 'ठ' येतो. 'व' येतो. 'ग'ची गाठ घालताना जीभ बाहेर येते, पण येते. हा हात सकाळी उठलेला असतो.

'अ' अजून नाही. काल त्याने भिंतीवर एक ३ काढला, शेजारी खांब काढला आणि दोन्हींना दोरीने बांधून म्हणाला, "हा पळून जाणार होता." मी काही बोलले नाही. मला 'अ' दिसला, त्याला दिसला की नाही माहीत नाही.

सासूबाई पाटीचा विषय सोडत नाहीयेत. म्हणतात दसऱ्याला पाटीपूजन तरी करू, तेव्हा सरस्वती काढायला शिकवते. ते १ चे आकडे वापरून काढतात ती. मला नीट आठवत नाही, कुणाला येते का? आणि दगडी पाटी हल्ली मिळते का? आमच्याकडे सगळीकडे प्लास्टिकच्याच दिसतात, त्यावर पेन्सिल नुसती घसरते.

निवृत्त_मास्तर | रविवार, रात्री ८:००

दगडीच घ्या. पेन्सिल जरा अडली पाहिजे, त्या करकरीतूनच हाताला कळतं किती दाबायचं.

सरस्वती आमच्याकडे अशी: मध्ये उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना १ चे आकडे समोरासमोर, एका बाजूचे सरळ, दुसऱ्या बाजूचे आरशात बघितल्यासारखे, आणि मग त्यांच्या शेपट्या एकमेकींना जोडायच्या. घरोघर थोडा फरक असतो, सासूबाईंचीच काढा. उलटा १ काढला म्हणून वर्षभर मुलांच्या वहीत लाल फुली मारायचो आणि दसऱ्याला त्यालाच हळद-कुंकू वाहायचो. आजपर्यंत हे लक्षात आलं नव्हतं.

हळदीचं_पान | रविवार, रात्री ८:४५

पाटी पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळते, नवरात्राच्या आठवड्यात. आधी विचारलंत तर 'नाही' म्हणतात, तेव्हा माळ्यावरून काढायला लावा. लाकडी चौकटीचा खिळा वर आलेला नाही ना, तेवढं बघून घ्या.